म्हाताऱ्या कुत्र्याला माणसाची विसराळूपणाची गोळी द्यावी का?

यवतमाळ जिल्ह्यातील एका शेतकरी भावाचा प्रश्न आला आहे. त्यांचा काळू नावाचा गावठी कुत्रा तेरा वर्षांचा आहे. एकेकाळी तो त्यांच्या वडिलांसोबत रानडुकरांच्या जागलीला वावरात जात असे. गेल्या तीन-चार महिन्यांपासून मात्र तो रात्रभर अंगणात फिरत राहतो, कारण नसताना भुंकतो, घरच्या माणसांकडे परक्यासारखा पाहतो आणि दार जिकडून उघडते ती बाजू सोडून बिजागरीच्या फटीत तोंड घालून उभा राहतो. त्यांच्या आजोबांना विसराळूपणासाठी डोनेपेझिलच्या 5 मिलिग्रॅमच्या गोळ्या सुरू होत्या. आजोबा वारल्यानंतर त्यांची पाकिटे घरात उरली आहेत, आणि त्यातली अर्धी गोळी काळूला रोज द्यावी असे एका नातेवाइकाने सुचवले आहे. जाता जाता त्यांनी आणखी दोन गोष्टी लिहिल्या आहेत. गोचिडांसाठी काळूला दर पंधरा दिवसांनी अमिट्राझच्या पाण्याने धुतले जाते, आणि रात्रीचा त्रास नको म्हणून त्याला साखळीने बांधावे असे आईचे म्हणणे आहे.

भाऊ, तुमच्या प्रश्नाचे थेट उत्तर आधी देतो. ती गोळी आता देऊ नका. का देऊ नये हे सविस्तर सांगणे मला गरजेचे वाटते, कारण तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची माहिती गोळीबद्दलची नाही, गोचिडांच्या औषधाबद्दलची आहे. मी वर्धा जिल्ह्यात आणि लगतच्या तालुक्यांत बऱ्याच वर्षांपासून पशुवैद्यक म्हणून काम करतो आहे. म्हाताऱ्या कुत्र्याच्या बाबतीत कोणती गोळी द्यावी हे लोक विचारतात, पण त्याच्या अंगात आधीच कोणती रसायने जात आहेत हे सहसा कोणी सांगत नाही. तुम्ही ते सांगितले, हे फार चांगले केले.

काळूला खरोखरच स्मृतिऱ्हास आहे का, हा पहिला मुद्दा. असण्याची शक्यता बरीच आहे. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील संशोधकांनी 2001 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत 11 ते 12 वर्षे वयाच्या कुत्र्यांपैकी 28 टक्क्यांमध्ये आणि 15 ते 16 वर्षांच्या कुत्र्यांपैकी 68 टक्क्यांमध्ये दिशाभूल, झोपेचे उलटे चक्र, घरात घाण करणे किंवा माणसांशी बदललेली वागणूक यांपैकी किमान एक लक्षण आढळले होते. म्हाताऱ्या कुत्र्याच्या मेंदूत बीटा ॲमिलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर साचतात, आणि या प्रथिनाची रचना माणसाच्या अल्झायमर आजारातील प्रथिनासारखीच असते. मेंदू आकसतो, आतील पोकळ्या रुंदावतात आणि पेशींमध्ये संदेश वाहून नेणारी रसायने कमी होत जातात. म्हणूनच माणसाच्या स्मृतीवरील औषधांचा अभ्यास करणाऱ्यांनी कुत्र्याकडे इतके लक्ष दिले आहे.

असे असले तरी दारामागे उभा राहणारा प्रत्येक म्हातारा कुत्रा विसराळू असतोच असे नाही. मोतीबिंदू झालेला कुत्रा अंधारात भिंतीला थडकतो. बहिरा झालेला कुत्रा हाक मारली तरी वळत नाही आणि घरच्यांना वाटते की तो आपल्याला ओळखत नाही. कंबरेच्या किंवा गुडघ्याच्या सांध्यात दुखत असेल, तर एका कुशीवर फार वेळ पडवत नाही म्हणून तो रात्रभर उठत-बसत राहतो. मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह, लघवीच्या मार्गातला जंतुसंसर्ग, थायरॉइडची कमतरता, गोचिडांमुळे होणारा ताप, मेंदूतील गाठ, यांपैकी काहीही असले तरी घरी दिसणारे चित्र जवळपास सारखेच असते. त्यात आपल्याकडचा उन्हाळा आहे. पारा 45 अंशांच्या पुढे जातो तेव्हा तहान कमी झालेला म्हातारा कुत्रा पाण्यावाचून गुंगतो, आणि ती गुंगी विसरण्यासारखीच दिसते.

म्हणून माझी तपासणी अगदी साध्या गोष्टींपासून सुरू होते, आणि त्या तुम्हीही घरी करून पाहू शकता. कापसाचा एक छोटा बोळा घ्या आणि काळूच्या डोळ्यांपुढे हातभर अंतरावरून खाली सोडा. कापूस पडताना आवाज होत नाही आणि वाराही लागत नाही, त्यामुळे त्याची नजर बोळ्याबरोबर खाली गेली तर त्याला दिसते असे समजावे. दोन्ही डोळ्यांसाठी, एकदा उजेडात आणि एकदा संधिप्रकाशात, हे करून पाहा. मग तो झोपेत नसताना मागून किल्ल्यांचा जुडगा हलवा आणि कान फिरतात का ते बघा.

स्मृतीसाठी मी दोन सारख्या वाट्या वापरतो. भाकरीचा तुकडा दोन्ही वाट्यांना आतून चोळायचा, म्हणजे वासाने उत्तर सापडणार नाही. मग कुत्र्याच्या देखत तो तुकडा एका वाटीखाली ठेवायचा, दोन्ही वाट्या पालथ्या घालायच्या, घरातल्या एखाद्याने त्याला पट्ट्याला धरून ठेवायचे, मधे क्षणभर हाताने त्याचे डोळे झाकायचे आणि दहापर्यंत मोजून सोडायचे. तब्येतीने धडधाकट कुत्रा बहुतेक वेळा बरोबर वाटीकडे जातो. ज्याची तात्पुरती स्मृती ढासळली आहे तो मधेच थांबतो, किंवा मागच्या वेळी तुकडा जिथे होता तिथेच पुन्हा जातो. दहा मोजण्याऐवजी दोनच मोजले आणि तो बरोबर गेला, तर त्याला डाव कळतो पण धरून ठेवता येत नाही, हे आपल्या लक्षात येते. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण मेंदूतील रसायनांवरची औषधे जे काही सुधारतात ते बहुधा इथेच, या थोडा वेळ धरून ठेवण्याच्या शक्तीत. टोरांटोच्या प्रयोगशाळेत नॉर्टन मिलग्राम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हाताऱ्या बीगल कुत्र्यांवर वर्षानुवर्षे ज्या चाचण्या केल्या, त्यांचे तत्त्व हेच होते. त्यांच्याकडे ट्रे आणि ठोकळे होते, आपल्याकडे वाट्या आहेत.

आता रसायनांकडे येतो. स्मृतीसाठी महत्त्वाचे ठरलेले पहिले रसायन ॲसिटिलकोलिन. अल्झायमरने मृत्यू पावलेल्या माणसांच्या मेंदूत ते तयार करणारे विकर (एन्झाइम) फार कमी झालेले असते, हे 1976 च्या सुमारास दिसून आले. त्यानंतर अमेरिकेत रेमंड बार्टस यांनी माकडांवर प्रयोग केले. तरुण माकडांना ॲसिटिलकोलिनचे काम अडवणारे स्कोपोलामाइन दिल्यावर त्यांची तात्पुरती स्मृती म्हाताऱ्या माकडांसारखी बिघडली. उलट, म्हाताऱ्या माकडांना ॲसिटिलकोलिन टिकवून धरणारे फायसोस्टिग्मिन दिल्यावर काहींची स्मृती सुधारली. मात्र ज्या डोसाने एका माकडाला फायदा झाला, तो दुसऱ्याला लागू पडला नाही. प्रत्येकाचा योग्य डोस वेगळा शोधावा लागला, आणि तो ओलांडला की फायदा निघून जात असे. आजोबांचे डोनेपेझिल याच विचारातून पुढे आलेले औषध आहे. अमेरिकेत माणसांसाठी त्याला 1996 साली मान्यता मिळाली.

डोनेपेझिल ॲसिटिलकोलिन मोडणाऱ्या ज्या विकराला अडवते त्याचे नाव ॲसिटिलकोलिनेस्टरेज. कपाशीवर फवारली जाणारी मोनोक्रोटोफॉस आणि प्रोफेनोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशके नेमके हेच विकर अडवतात. डोनेपेझिलची पकड सुटते, कीटकनाशकाची सहजासहजी सुटत नाही, एवढाच मुख्य फरक. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किती शेतकऱ्यांचे आणि शेतमजुरांचे जीव घेतले हे तुम्हाला मी सांगायला नको. तोंडाला फेस येणे, लाळ गळणे, उलटी, जुलाब, नाडी मंदावणे, स्नायू फडफडणे ही लक्षणे आपल्या भागात लोकांनी डोळ्यांनी पाहिलेली आहेत. डोनेपेझिलचा डोस कुत्र्याला जास्त झाला तर त्याच वाटेने जाणारी लक्षणे दिसतात. काळू वावरात जात असेल, फवारलेल्या पऱ्हाटीतून चालून आल्यावर पाय चाटत असेल, फवारणीच्या ड्रमाजवळच्या डबक्यातले पाणी पीत असेल, तर त्याच्या शरीरातील हे विकर आधीच थोडेफार दबलेले असू शकते. त्यावर आणखी गोळी घालणे म्हणजे विषबाधेला मदत करणे होईल. कुत्र्यांसाठी या औषधाचा रोजच्या वापरातला असा पक्का डोसही ठरलेला नाही, त्यामुळे अर्धी गोळी हा आकडा कोणत्याही हिशोबातून आलेला नाही. माझ्या मते ही पाकिटे घरात ठेवूच नका. औषधाच्या दुकानात किंवा आरोग्य केंद्रात नेऊन द्या.

याच रसायनाची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. ॲट्रोपिनसारखी जी औषधे ॲसिटिलकोलिनला अडवतात, ती म्हाताऱ्या जनावराला अधिक गोंधळात टाकतात. विषबाधेत ॲट्रोपिन जीव वाचवते आणि तेव्हा ते द्यायलाच हवे. पण पोटदुखीसाठी किंवा उलटीसाठी घरातली माणसाची गोळी म्हाताऱ्या कुत्र्याला देऊ नये, कारण अशा काही गोळ्या याच गटातल्या असतात.

दुसरे रसायन डोपामिन. याच्याशी संबंधित सेलेजिलीन हे औषध मात्र कुत्र्यांच्या स्मृतिऱ्हासासाठी रीतसर मान्यता मिळालेले आहे. हंगेरीत 1960 च्या दशकात ते तयार झाले आणि बुडापेस्टचे योझेफ क्नोल यांनी पुढे आयुष्यभर त्याचा अभ्यास केला. हे औषध मिळालेले म्हातारे उंदीर जास्त जगले, असे त्यांनी 1980 च्या दशकात दाखवले. इतर प्रयोगशाळांत इतका मोठा फरक दिसला नाही, म्हणून आयुष्य वाढवण्याच्या आशेने मी ते कोणालाही लिहून देत नाही. अमेरिकेत 1998 साली कुत्र्यांच्या स्मृतिऱ्हासासाठी त्याला मान्यता मिळाली. तो डोस दर किलो वजनामागे 0.5 ते 1 मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, सकाळी असा आहे. सकाळी देण्याचे कारण असे की या औषधाचे शरीरात विघटन होताना ॲम्फेटामिनच्या जातीचे पदार्थ तयार होतात, आणि संध्याकाळी दिल्यास रात्रीची अस्वस्थता वाढण्याची शक्यता असते. आपल्याकडे माणसांच्या पार्किन्सन आजारासाठी याची 5 मिलिग्रॅमची गोळी मिळते. तालुक्याच्या दुकानात बहुधा नसते, नागपूर किंवा अमरावतीहून मागवावी लागते.

माझ्या अनुभवात सेलेजिलीनचा उपयोग काही कुत्र्यांना स्पष्टपणे होतो, काहींना थोडा होतो आणि काहींना अजिबात होत नाही. ज्यांना होतो त्यांच्यात पहिला बदल रात्रीच्या झोपेत आणि माणसांशी वागण्यात दिसतो. विसरलेली वाट पुन्हा आठवली असे क्वचितच घडते. जे पेशीजाळे जिवंत आहे त्याचे काम हे औषध सुधारते. पाटाला पाणी वाढवल्याने हिरवी झाडे तरारतात, वाळलेली उभी राहत नाहीत, तसे याचे आहे. म्हणून लक्षणे नुकतीच सुरू झाली असताना उपचार करण्यात जास्त अर्थ असतो.

अमिट्राझची मोठी अडचण इथेच आहे. सेलेजिलीन डोपामिनसारखी रसायने मोडणाऱ्या मोनोअमाइन ऑक्सिडेज या विकराला अडवते, आणि गोचिडांचे अमिट्राझही तेच करते. दोन्ही एकाच वेळी शरीरात गेली तर रक्तदाब, नाडी आणि मज्जासंस्थेवर गंभीर परिणाम होऊ शकतात. हे दोन्ही एकत्र कधीही देऊ नयेत. शिवाय अमिट्राझ एकटेही कुत्र्याला सुस्त करते, पाय अडखळतात, नाडी मंदावते. म्हाताऱ्या, बारीक झालेल्या कुत्र्यात हा परिणाम जास्त दिसतो. काळू धुतल्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत अधिक गोंधळलेला असतो का, हे आठवून पाहा. तसे असेल तर तुमच्या अर्ध्या प्रश्नाचे उत्तर कदाचित तिथेच मिळेल. गोचिडांसाठी दुसरी औषधे आहेत आणि वय व वजन पाहून तुमचे डॉक्टर ती निवडू शकतील. गोठ्यातल्या जनावरांना अमिट्राझ मारत असाल तर त्या दिवशी काळूला तिथे लोळू देऊ नका. सांधेदुखीसाठी माणसांचे ट्रामाडॉल, नैराश्याची फ्लुऑक्सेटिनसारखी गोळी आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेले खोकल्याचे औषध हीसुद्धा सेलेजिलीनबरोबर चालत नाहीत. फ्लुऑक्सेटिन बंद केल्यावर तर किमान पाच आठवडे थांबावे लागते.

तिसरे रसायन नॉरॲड्रेनालिन. यावरचे काम मला सर्वांत जास्त शिकवून गेले आहे, जरी त्याची गोळी मी सहसा देत नाही. येल विद्यापीठात एमी आर्नस्टेन आणि पॅट्रिशिया गोल्डमन-राकिच यांनी 1985 साली दाखवले की म्हाताऱ्या माकडांना नॉरॲड्रेनालिनसारखे काम करणारे क्लोनिडिन दिल्यावर त्यांची तात्पुरती स्मृती सुधारते. कपाळामागचा मेंदूचा भाग, ज्यात आपण एखादी गोष्ट क्षणभर धरून ठेवतो, त्याला नॉरॲड्रेनालिन आणि डोपामिन ठरावीक प्रमाणातच लागतात. कमी पडले तर तो भाग मंदावतो, आणि भीती किंवा ताणामुळे अचानक वाढले तरी तो भाग काम करेनासा होतो. क्लोनिडिन रक्तदाब उतरवते आणि गुंगी आणते. आम्ही जनावरांना भूल देताना वापरतो ते झायलाझिन याच घराण्यातले आहे. म्हणून म्हाताऱ्या कुत्र्यात मी त्याच्या वाटेला जात नाही. पण या संशोधनातून एक गोष्ट औषधाशिवाय उचलता येते: घाबरलेल्या म्हाताऱ्या जनावराची उरलीसुरली स्मृतीही त्या घटकेला निघून जाते.

आईंच्या साखळीच्या प्रश्नाचे उत्तर यातूनच मिळते. रात्री भांबावलेल्या कुत्र्याला साखळीने बांधले की तो ओढाताण करतो, घाबरतो आणि जास्त भुंकतो. त्यापेक्षा ओसरीचा एक कोपरा किंवा गोठ्याचा एक भाग फळ्यांनी अडवून त्याला मोकळे ठेवा. खाली घसरणार नाही असे पोते टाका, पाण्याचे भांडे रोज एकाच जागी ठेवा आणि रात्रभर एक मंद दिवा चालू राहू द्या. विहीर उघडी असेल तर तिच्या बाजूला कुंपण करा, कारण असे कुत्रे रात्री विहिरीत पडल्याच्या घटना मी पाहिल्या आहेत. लग्नाच्या मांडवात डीजे लागणार असेल त्या रात्री त्याला आतल्या खोलीत घ्या.

खाण्याबद्दल आणि फिरवण्याबद्दल थोडे सांगतो. टोरांटो आणि कॅलिफोर्नियातील अर्व्हाइन येथील गटांनी म्हाताऱ्या बीगल कुत्र्यांच्या एका गटाला ई आणि सी जीवनसत्त्वांसारखे घटक वाढवलेला आहार दिला, दुसऱ्याला रोज फिरणे, खेळणी, सोबत आणि शिकण्याचे काम दिले, आणि तिसऱ्याला दोन्ही दिले. दोन वर्षांच्या निरीक्षणानंतर दोन्ही मिळालेल्या कुत्र्यांची शिकण्याची शक्ती सर्वांत चांगली टिकली होती. आपल्या काळूसाठी याचा अर्थ असा की ऊन चढायच्या आत त्याला धुऱ्याधुऱ्याने सावकाश फिरवा, मनसोक्त हुंगू द्या, भाकरीचे तुकडे गवतात टाकून शोधू द्या आणि जेवणाची वेळ बदलू नका. सकाळचा उजेड मिळाल्याने झोपेचे चक्रही काहीसे ताळ्यावर येते. भाकरीबरोबर अंडे आणि उकडलेली भाजी चालेल. कांदा मात्र कोणत्याही रूपात नको.

हे सारे कोणत्या क्रमाने करावे ते सांगतो. अमिट्राझ आजपासून थांबवा. पुढचे दोन आठवडे काळू रात्री किती वाजता उठतो, कुठे अडकतो, लघवी कुठे करतो, पाणी किती पितो हे वहीत लिहा, आणि रात्रीच्या फिरण्याचा एखादा व्हिडिओ मोबाइलवर घ्या. तो व्हिडिओ पाहून आम्हाला जितके कळते तितके दवाखान्याच्या टेबलावर घाबरून उभ्या असलेल्या कुत्र्याकडून कळत नाही. मग रक्त आणि लघवी तपासून घ्या. तालुक्याला सोय नसेल तर नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयाच्या दवाखान्यात जा. दोन आठवड्यांत तो अमिट्राझशिवायच बराच सावरला, तर गोळीचा विषय तिथेच थांबवा. सांधे दुखत असतील तर आधी त्यांचा उपचार घ्या, मात्र डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घरातून देऊ नका, कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला ती घातक ठरतात.

या सर्वातून दुसरे कारण निघाले नाही, तर तुमच्या डॉक्टरांशी सेलेजिलीनबद्दल बोला. सुरुवात कमी डोसाने व्हावी आणि महिन्याने पुन्हा तपासणी व्हावी. काही कुत्र्यांत फरक दिसायला दोन महिने लागतात, म्हणून पंधरा दिवसांत निराश होऊन बंद करू नका. उलटी, जुलाब किंवा वाढलेली बेचैनी दिसली तर मात्र लगेच कळवा. दोन-तीन महिने नीट देऊनही वहीतल्या नोंदींत काहीच बदल दिसत नसेल, तर ते थांबवण्याचा निर्णय मी स्वतः घेतो, आणि तुमच्या डॉक्टरांनाही तसे स्पष्ट विचारा. बंद केल्यानंतरही त्याचा परिणाम शरीरात काही काळ राहतो, त्यामुळे पुढचे किमान दोन आठवडे अमिट्राझ, ट्रामाडॉल किंवा फ्लुऑक्सेटिन यांपैकी काहीही काळूला दिले जाणार नाही याची घरातल्या सर्वांना कल्पना देऊन ठेवा.